लाल दोऱ्याच्या अलीकडे

नाटकावर आमचा काहीही आक्षेप नाही, असं नगरपालिकेच्या नोटिशीच्या पहिल्याच ओळीत म्हटलं होतं. आक्षेप आवाजावर होता. प्रयोग चालू असताना मागच्या बोळात आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला, तर थिएटरचा परवाना रद्द होईल आणि दाराला सील लागेल. मोजमाप शुक्रवारच्या प्रयोगाला, नेहमीइतके प्रेक्षक असताना.

आत्यानं नोटीस वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "किती सभ्य झालेत बघ. मागच्या नाटकाला नुसतेच फोन करायचे."

थिएटर म्हणजे पूर्वीचं सायकलींचं गोदाम. पत्र्याचं छप्पर, सात रांगा आणि एक बुटका रंगमंच. आत्यानं ते वीस-एक वर्षं चालवलं होतं आणि त्यापायी स्वतःचं घर करायचं राहून गेलं होतं. ती रंगमंचामागच्या खोलीतच राहायची. म्हणजे दाराला सील लागलं असतं, तर तिचं नाटक आणि तिचं अंथरूण एकाच वेळी रस्त्यावर आलं असतं. हे ती बोलून दाखवत नव्हती, पण त्या दिवसापासून तिनं उशाखाली पिशवी भरून ठेवली होती.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आहे आणि श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करते. लोकांना किती ऐकू येतं ते तपासते. आवाज मोजायचं एक जुनं, काट्याचं यंत्र आमच्या दुकानात पडून होतं. ते घेऊन मी बुधवारच्या प्रयोगाला बोळात उभी राहिले. आतलं बोलणं भिंतीतून यायचं तेव्हा काटा पातळीच्या बराच खाली असायचा. वर जायचा तो फक्त एका कारणानं.

"नट नाहीत," मी आत्याला सांगितलं. "प्रेक्षक. माणसं हसतात तेव्हाच पातळी ओलांडली जाते."

"मग यंत्र चांगलं आहे तुझं," आत्या म्हणाली. "नाटकाचं परीक्षण इतकं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं."

"आत्या, मी गंमत करत नाहीये."

"मी तरी कुठं करतेय?"

नाटकाचं नाव होतं 'साहेबांना सर्दी'. एक साहेब बैठकीत शिंकतात. त्यांचा सचिव सांगतो की ही शिंक नाही, धोरण आहे. मग सगळ्या खात्यांना शिंकणं भाग पडतं. ज्यांना सर्दी नाही त्यांना सरकारी खर्चानं मिरी हुंगवली जाते. आणि एका लिपिकाला काही केल्या शिंक येत नाही, म्हणून त्याच्यावर चौकशी बसते. साहेबांचं काम करणारा माणूस आमच्याच गल्लीतला घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा, गिऱ्हाइकाशी चार शब्दांत व्यवहार उरकणारा. पण रंगमंचावर खुर्चीत बसला की असा काही फुगायचा, की लोकांना आपल्या नगरप्रमुखांची आठवण व्हायची. "एकंदरीत पाहता" हे त्यांचं लाडकं पालुपद तर तो श्वासासारखं वापरायचा. नोटीस त्यामुळेच आली, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नव्हतं.

आम्ही आधी भिंतीच्या मागे लागलो. लॉन्ड्रीवाल्या मावशींनी दुकानातल्या जाडजूड रजया आणि चादरी काढून दिल्या. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं नेल्याच नव्हत्या. त्या आम्ही बोळाकडच्या भिंतीला आतून दुहेरी ठोकल्या. मी पुन्हा मोजलं. फरक पडला होता, पण पुरेसा नाही. भरलेलं थिएटर मनापासून हसलं, तर अजूनही पातळी ओलांडली जाणार होती.

"एक सोपा उपाय आहे," मी म्हणाले. "विनोदाची वाक्यं काढून टाक. एका दिवसापुरती."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी रजईचा खिळा पुन्हा ठोकायला घेतला.

गुरुवारी संध्याकाळी तिनं गल्लीतल्या लोकांना थिएटरात बोलावलं. कोण येईल याची मला धास्ती होती. ज्या कचेरीनं आम्हाला नोटीस दिली, तीच कचेरी या सगळ्यांच्या दुकानांचे परवाने द्यायची. पण बरेच आले. काही जण दाराजवळच उभे राहिले, पटकन निघता यावं म्हणून.

आत्या रंगमंचाच्या कडेवर बसली. "आजवर मी तुम्हाला बोलावलं ते हसायला," ती म्हणाली. "उद्या न हसायला या. सगळ्या खुर्च्या भरलेल्या हव्यात आणि आवाज नको. जमेल?"

"न हसणं होय?" बेकरीवाला म्हणाला. "ते मी घरी रोज करतो."

हशा पिकला. मी यंत्राकडे पाहिलं. काटा उडाला होता.

"हे असं नको," आत्या शांतपणे म्हणाली.

दाराजवळचे एक औषधवाले काका म्हणाले, "ताई, आम्ही आलो म्हणून आमची नावं कुणी टिपून घेणार का? खरं सांगा. मला दोन मुली आहेत."

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "नाही म्हटलं तर खोटं होईल."

काका थोडा वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले. मग पुढे आले आणि सहाव्या रांगेत बसले. "निदान सराव तरी करू," ते म्हणाले.

मग मी सगळ्यांना शिकवलं. हसू आलं की कोपराच्या खोबणीत तोंड घालायचं, ओठ मिटायचे, श्वास नाकानं हळूहळू सोडायचा. नाटक संपल्यावर टाळ्या नाहीत, हात हलवायचे. बेकरीवाला विनोद सांगत होता आणि बाकीचे कोपरात तोंड खुपसून थरथरत होते. काटा खाली राहिला.

फक्त लॉन्ड्रीवाल्या मावशींचं काय करायचं, हा प्रश्न होता. त्यांना मी सकाळी दुकानात, आवाज न जाणाऱ्या खोलीत बसवून तपासलं होतं. त्यांचं एकटीचं हसू अर्ध्या प्रेक्षागृहाला भारी होतं.

"आमचे हे म्हणायचे," मावशी खोलीतून बाहेर येत म्हणाल्या होत्या, "तू हसलीस की इस्त्री गार पडते."

मी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं की मावशींना येऊ देऊ नकोस.

"तिच्या रजया चालतात आणि ती चालत नाही?" आत्या म्हणाली. "पहिल्या रांगेत बसेल ती. मधोमध."

शुक्रवारी प्रयोगाच्या आधी मी बोळात गेले, तर नगरपालिकेच्या यंत्राशेजारी उभा होता तो कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढं असलेला दादा. काट्यासमोर डोळा सरळ ठेवायचा, तिरपं पाहिलं तर आकडा चुकतो, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

"तू इथं कशी?" त्यानं विचारलं.

"आत्याचं थिएटर आहे."

त्यानं थिएटरच्या भिंतीकडे पाहिलं. "आधी कळलं असतं तर दुसऱ्याला पाठवायला सांगितलं असतं."

"दुसरा कसा आहे?"

"दुसरा घरून निघतानाच आकडा लिहून आणतो."

"मग तूच बरा."

"बरा म्हणू नकोस," तो म्हणाला. त्यानं यंत्राच्या तिकाटण्याचा स्क्रू घट्ट केला. "काटा म्हणेल ते मी लिहिणार. खाली तर खाली, वर तर वर. ओळख असो नसो."

"मी काही मागितलंय का?"

"नाही. म्हणूनच आधी सांगतोय."

मला त्याचा राग आला नाही. उलट थोडं बरं वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. खोटं बोलणाऱ्या माणसाला पटवता येतं.

आत, शेवटच्या रांगेच्या मागे, एका स्टुलावर माझं यंत्र ठेवलं होतं. काटा अंधारात दिसावा म्हणून हातात छोटी बॅटरी. आत किती आवाज झाला म्हणजे बाहेर पातळी गाठली जाईल, याचा मी हिशेब केला होता आणि यंत्राच्या काचेवर त्या जागी लाल दोरा चिकटवला होता. दोऱ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सील. हिशेब माझा होता, भिंत जुनी होती, त्यामुळे दोरा थोडा इकडे किंवा तिकडे असू शकत होता. हे मी आत्याला सांगितलं नव्हतं.

खुर्च्या भरल्या. औषधवाले काका दोन्ही मुलींना घेऊन आले होते. मावशींनी एक उशीचा अभ्रा गुंडाळून हातात धरला होता.

पडदा उघडला. साहेब खुर्चीत बसले आणि शिंकले. सचिव वाकून म्हणाला, "साहेब, सर्दी आपल्याला झालेली नाही. देशाला झालीय. आपण फक्त पुढं होऊन ती स्वीकारलीत."

इथं नेहमी पहिला मोठा हशा यायचा. आज सगळ्या रांगांमध्ये खांदे हलले, कोपरं वर गेली आणि नाकांचा बारीक फसफसाट झाला. काटा दोऱ्यापासून कितीतरी लांब. माझ्या जिवात जीव आला.

"डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्यावी लागेल," सचिव म्हणाला.

"कुणी?"

"जनतेनं, साहेब. आपण घेतलेली बरी दिसत नाही."

पुन्हा खांदे, पुन्हा फसफस. मग माझ्या लक्षात आलं की काटा आधीपेक्षा थोडा वर आहे. मला वाटलं एखादी रजई निसटली असेल. बॅटरीचा झोत भिंतीवर फिरवला. रजया जागच्या जागी होत्या. पुढच्या विनोदाला काटा आणखी वर सरकला. हसण्यानं नाही. जिथं हशा व्हायला हवा होता तिथं काटा खाली यायचा, आणि साहेब बोलायला लागले की चढायचा.

घड्याळजी ओरडत होता.

तालमीत त्याचा आवाज मी पुन्हा पुन्हा मोजला होता. दर वेळी तंतोतंत तोच. पण तालमीत समोर रिकाम्या खुर्च्या असायच्या. रिकाम्या खुर्च्या हसत नाहीत, हे त्याला माहीत होतं. आज अंधारात माणसं भरली होती, त्याला त्यांचा वास येत होता, त्यांच्या श्वासाची ऊब येत होती, आणि तरी काहीच परत येत नव्हतं. लोक हसणार नाहीत, हे त्यालाही सांगितलेलंच होतं. ते त्याच्या डोक्यात होतं, पण त्याच्या घशाला ते पटत नव्हतं. दुकानात मी हे रोज पाहते. ज्यांना कमी ऐकू येतं ते म्हातारे माझ्यावर ओरडतात, रागानं नाही. आपला आवाज पोहोचला की नाही याची खूण त्यांना मिळत नाही, म्हणून. मी प्रेक्षकांना शिकवलं, भिंतीला रजया ठोकल्या, आणि नटाला मात्र बहिरं करून सोडलं.

आता सचिवही त्याच्या आवाजाला आवाज लावत होता. शिंका मोठ्या होत होत्या. विंगेत आत्या दोन्ही तळवे खाली दाबून खूण करत होती, पण घड्याळजी तिच्याकडे पाहतच नव्हता. त्याला बाजूला घेऊन सांगायची सोय नव्हती, कारण साहेब नाटकभर खुर्चीवरून उठत नाहीत. आत्यानं लिहिलेला मुख्य विनोद तोच होता.

काटा दोऱ्याच्या जवळ आला. पुढं दुसऱ्या अर्ध्यात साहेबांची मोठी शिंक होती.

त्याला हसू ऐकू यायला हवं होतं. थोडं, पण खरं. मी मनातल्या मनात आकडेमोड केली. सातही रांगा हसल्या तर संपलंच. पण एकच रांग हसली तर आवाज दोऱ्याच्या अलीकडे राहील. थोडासाच अलीकडे, पण राहील.

माझ्यापुढे शेवटच्या रांगेत बेकरीवाला होता. मी त्याच्या कानाशी वाकले. "हसा."

"आँ?"

"तुमची रांग. फक्त तुमचीच. आत्ता."

"नक्की ना? मागाहून बोलशील."

"हसा हो."

रंगमंचावर साहेबांनी लिपिकाबद्दल विचारलं, "याला दोनदा मिरी हुंगवली, तरी शिंकत नाही? म्हणजे विरोधी पक्षाचा."

"नाही साहेब, नाकात हाड वाढलंय."

"मग हाडाचा पक्ष कोणता?"

बेकरीवाला हसला. इतका वेळ धरलेलं हसू असं काही सुटलं की त्याच्या शेजारचे दोघेही त्याच्यासोबत फुटले. पुढच्या रांगा दचकून मागं वळल्या, कुणी तरी "शू" केलं. काटा उडाला, दोऱ्याच्या खाली थांबला, आणि परत आला.

रंगमंचावर साहेब क्षणभर थांबले. घड्याळजीची मान किंचित वर झाली, जशी गजर ऐकून माणसाची होते. आणि त्याचं पुढचं वाक्य आलं ते तालमीतल्या आवाजात. तंतोतंत.

मी बॅटरीचा झोत सहाव्या रांगेच्या पाठींवर टाकला. औषधवाल्या काकांनी वळून पाहिलं. मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड फिरवला आणि हातानं खूण केली: तुमची पाळी. काकांना समजायला थोडा वेळ लागला, मुलींना अजिबात लागला नाही. पुढच्या विनोदाला सहावी रांग हसली. मग पाचवी. मग चौथी. उजेड अंगावर पडला की हसायचं, गेला की कोपर. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उजेड गेल्यावरही थांबेनात, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांच्या तोंडावर पर्स धरली.

घड्याळजीचा आवाज खाली होता. नाटक चालू लागलं होतं.

पहिली रांग मात्र मी वगळत होते. तिथं मावशी होत्या. त्यांनी अभ्रा तोंडात कोंबला होता आणि त्यांची पाठ शिवणयंत्रासारखी हलत होती. पण रंगमंचाच्या उजेडात घड्याळजीला दिसत होती ती नेमकी तीच एक रांग. मागून हसू येतंय आणि समोरची बाई अभ्र्यात तोंड घालून बसलीय, बहुतेक रडतेय, असं त्याला वाटलं असावं. तो खुर्चीतल्या खुर्चीत पुढं झुकून तिच्याकडे बघून बोलायला लागला. आवाज पुन्हा चढू लागला.

तेव्हा मी ठरवलं की पहिल्या रांगेला पाळी द्यायची, पण सगळ्यात फुसक्या विनोदाला. असा एक होता. सचिव हुकूम वाचतो की, गोंधळ टाळण्यासाठी सर्व खात्यांनी आळीपाळीनं शिंकावं. बुधवारी त्यावर बोळात नुसता एक खोकला ऐकू आला होता. मी बॅटरी पुढं नेली आणि वाट पाहिली.

सचिवानं कागद उलगडला. "सर्व खात्यांनी आळीपाळीनं शिंकावं. ज्या खात्याला खूण होईल त्यानंच. खूण होण्यापूर्वी आलेली शिंक बेकायदेशीर समजली जाईल."

मी उजेड पहिल्या रांगेवर टाकला.

आणि सगळ्यांना एकदमच दिसलं. रंगमंचावरचा कागद आणि माझ्या हातातली बॅटरी. मला स्वतःला दिसलं ते त्यांच्याबरोबरच, आधी नाही. मावशींच्या तोंडातून अभ्रा बाहेर पडला. त्या हसल्या आणि त्यांच्यामागं दुसरी रांग, तिसरी, सगळं थिएटर. कुणाला उजेड लागला नाही. मी बॅटरी विझवली, पण आता तिचा काही संबंधच उरला नव्हता. काटा वर गेला. मी डोळा त्याच्या अगदी सरळ समोर आणला, आणि काटा मला दिसेना, कारण तो लाल दोऱ्याच्या मागे होता. दोऱ्यालाही जाडी असते, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

नाटकात साहेबांनी रुमाल काढला की सगळे नट श्वास रोखून थांबतात. ही जागा रुमालाची नव्हती. घड्याळजीनं रुमाल नाकापर्यंत नेला, डोळे मिटले, आणि तसाच राहिला. सचिव थिजला. लिपिक थिजला. पहिल्या रांगेनं ते पाहिलं आणि ती गप्प झाली, मग मागच्या. थिएटरात इतकी शांतता पसरली की माझ्या कानात माझं रक्त ऐकू येत होतं. काटा दोऱ्याच्या अलीकडे आला आणि खाली खाली गेला. घड्याळजी तरीही थांबला. किती वेळ थांबायचं, हे त्याला नक्की माहीत असल्यासारखा. मग त्यानं रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि अगदी हळू म्हणाला, "एकंदरीत पाहता, आत्ता नको."

कुणी हसलं नाही. लोक एकमेकांचे हात धरून बसले होते.

राहिलेलं नाटक मला धड आठवत नाही. बॅटरी मी पुन्हा लावली, पण फक्त काट्यावर. रांगांनी आपापसात पाळ्या वाटून घेतल्या. कोण कुणाला कोपरानं खूण करत होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मोठी शिंक आली आणि गेली. शेवटी टाळ्यांऐवजी अंधारात शेकडो बोटं हलली.

आत्या विंगेतून माझ्याकडे आली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

"माझ्या नाटकात लोकांनी परवानगी घेऊन हसावं," ती म्हणाली, "आणि तेही माझ्याच भाचीकडून."

"मला दुसरं काही सुचलं नाही."

"मला तेही सुचलं नाही." तिनं माझ्या यंत्राकडे बोट दाखवलं. "राहिलो का आपण?"

"मधे एकदा दोऱ्याला लागला. बाहेर काय झालं असेल, मी सांगू शकत नाही."

"मग विचारून ये. मी जात नाही."

ती मागच्या खोलीत गेली. मी बोळात आले.

दादा तिकाटण्याशेजारी उभा होता. हातात पेन्सिल होती, पण तो लिहीत नव्हता. मी काही विचारलं नाही. विचारणार नाही, हे आमचं ठरल्यासारखं होतं.

"बराच वेळ खाली होता," तो म्हणाला. "मधे एकदा नाटकातला आवाज चढला, मग उतरला. मग एकदा एकदम वर आला." त्यानं यंत्राच्या काचेवर नख ठेवलं. "इथं. अगदी रेषेवर. मी दोनदा डोळा हलवून पाहिला."

"रेषेवर म्हणजे?"

"नियमात 'पातळीच्या वर' असं आहे. रेषेवर म्हणजे वर नाही." त्यानं काचेवरचं नख काढलं. "केसभर पुढं गेला असता, तर मी तसं लिहिलं असतं."

"माहितेय मला."

"मग ठीक."

मी भिंतीला टेकले. दिवसभराच्या उन्हानं भिंत अजून उबदार होती.

तेवढ्यात पुढच्या दारातून प्रेक्षक बाहेर पडू लागले. बोळाच्या तोंडावरून जाताना ते दिसत होते. कुणी बोलत नव्हतं. चेहरे लाल, ओठ मिटलेले, डोळे पुसत, एकमेकांना आधार देत ते चालले होते. कुणी तरी लांबून पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं ही माणसं स्मशानातून परतताहेत. औषधवाल्या काकांच्या धाकट्या मुलीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मावशी सगळ्यांत मागं होत्या, अभ्रा पुन्हा तोंडात. त्यांनी दादाच्या यंत्राकडे पाहिलं, मान लववली आणि पुढं गेल्या. सगळे वळणापलीकडे दिसेनासे झाले.

आणि मग तिकडून तो आवाज आला.

तासाभराचं, गिळलेलं, सात रांगांचं हसू, एकाच वेळी. त्यात मावशींचं वेगळं ओळखू येत होतं. थांबतंय असं वाटायचं आणि कुणी तरी पुन्हा सुरू करायचं. समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली.

दादाचं यंत्र अजून चालूच होतं. आम्ही दोघांनीही एकाच वेळी पाहिलं. काटा रेषा ओलांडून पलीकडे गेला होता आणि तिथंच थरथरत होता.

"ही तुमचीच माणसं?" दादानं विचारलं.

'नाही' म्हणता आलं असतं. रस्त्यावर कुणीही हसू शकतं.

"हो," मी म्हणाले. "आमचीच."

तो काट्याकडे बघत राहिला, मग वळणाकडे. मला वाटलं आता पेन्सिल कागदाला टेकेल.

"थिएटरची हद्द या बोळाच्या तोंडाशी संपते," तो शेवटी म्हणाला. "वळणापलीकडे सार्वजनिक रस्ता आहे. तिथं हसायला परवाना लागत नाही." त्यानं यंत्र बंद केलं. "अजून तरी."

तो स्क्रू सैल करू लागला, आणि करता करता थांबून ऐकत राहिला. मी आत्याला सांगायला आत गेले.